आईचं निरोगी तोंड

अंबरनाथ, शनिवार, ४ फेब्रुवारी १९८९

सोमवारपासून मी एकवीस दिवस दात घासणार नाही. ब्रश नाही, राखुंडी नाही, बोटसुद्धा नाही. फक्त जेवल्यावर एक चूळ. हे वाक्य कागदावर उतरवल्यावर आणखीच घाण दिसतंय.

लॅबची वही वेगळी आहे, त्यात आकडे जातील. घरच्या या वहीत बाकीचं सगळं लिहायचं ठरवलंय, कारण आकड्यांशिवाय जे होतं ते डॉक्टरांना सांगता येत नाही आणि अनंताला सांगितलं की तो हसतो.

गेली तीन वर्षं मी शेजारच्या उल्हासनगरात, कॅम्प तीनमधल्या एका लॅबमध्ये लघवी, रक्त आणि परसाकडचे नमुने तपासते. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, सेकंड क्लास. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून बाबांनी गल्लीत जिलेबी वाटली होती. सहा महिन्यांनी ते गेले, आणि माझ्या वाट्याला ह्या बाटल्या आल्या. लॅबच्या वरच्या मजल्यावर डॉ. हरपलानींचा दातांचा दवाखाना आहे. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलंय की चांगल्या तोंडाच्या माणसाने दात घासणं बंद केलं, तर जंतू एका ठरलेल्या क्रमाने येतात आणि शेवटी हिरड्या सुजतात. आपल्याकडे तसंच होतं का, ते त्यांना बघायचंय. मार्चमध्ये ठाण्याला दंतवैद्यांची सभा आहे, तिथे ते बोलणार. त्यांना स्वतःला घाण तोंड ठेवून चालणार नाही, पेशंट पळून जातील. म्हणून मी. नीट जमलं तर मुंबईच्या डेंटल कॉलेजातल्या एका प्रोफेसरांकडे ते माझं नाव सांगणार आहेत. मला त्या बाटल्यांतून सुटायचंय, हे इथे लिहायला हरकत नाही.

"देख बेटा," डॉक्टर म्हणाले, "तोंड म्हणजे आपली बराक समज. पहिले येतात ते गरीब, गोल गोल, भिंतीला टेकून चुपचाप बसतात. मग त्यांच्या पाठीला टेकून दुसरे. मग तिसरे. गर्दी झाली, हवा बंद झाली, की मग ते येतात ज्यांना हवाच नको असते. वो असली बदमाश. भिंत तेच खातात." डॉक्टरांचं बालपण कॅम्पातल्या सिंधी निर्वासितांच्या बराकीतच गेलं, त्यामुळे त्यांना सगळीकडे बराकी दिसतात.

रविवार, ५ फेब्रुवारी

माझं तोंड बिघडत जाणार, तर शेजारी एक चांगलं तोंड हवं. त्याच घरातलं, तेच अन्न, तेच पाणी. अनंताला विचारलं तर म्हणाला, "मेरा मुंह मेरा है, उसमें काडी नहीं डालने का." हा माझा धाकटा भाऊ, जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसतो आणि घरात मराठी बोलायला त्याला जड जातं.

मग आई. मला तर आधीच सुचायला हवं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, पण कधी दाताच्या डॉक्टरकडे गेली नाही, कधी दात दुखतोय म्हणाली नाही. थुंकीत रक्त मी जन्मात पाहिलं नाही. रोज मशेरी लावते तेवढंच. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा आणि बोटाने दातांवर घासत दारात बसायचं. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका लावतात.

आई अनंताने आणलेल्या पँटींचे दोरे तोडत बसली होती. शिलाईची लोंबती टोकं कापून पँटी मोजून परत द्यायच्या, हे तिचं घरचं काम. पूर्वी ती दातानेच खटाखट तोडायची. हल्ली कातर घेते. म्हणते, नवा दोरा चिवट येतो.

"निरोगी तोंड म्हंजे कसं पायजे?" तिने विचारलं.

"रक्त यायला नको, दुखायला नको, दात हलायला नको. नाहीतर माझा प्रयोग फुकट."

ती जरा वेळ पँट उलटीपालटी करत राहिली. मग म्हणाली, "घे मंग माझं."

डॉक्टरांसमोर तोंड उघडायला मात्र साफ नकार. परक्या पुरुषासमोर ती आ करणार नाही. म्हणून मीच टॉर्च घेऊन पाहिलं. अर्धंच तोंड उघडलं आणि वर पदर आडवा. हिरड्या मशेरीने काळ्या पडलेल्या. पुढच्या दाताशी काडी लावून पाहिली, रक्त नाही. लॅबच्या वहीत लिहिलं : क्र. १, मालिनी, वय २४. क्र. २, गोदूबाई, वय ४८, निरोगी.

सोमवार, ६ फेब्रुवारी. पहिला दिवस

जंतू जिवंत, हलताना बघायचे असतील तर तासाच्या आत बघावे लागतात. म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसातला दाताच्या मुळाशी काडी फिरवायची, सलाईनच्या नळीत बुडवायची, शेअर रिक्षात नळी मुठीत धरून बसायचं आणि लॅबचे मालक शेठ यायच्या आत मायक्रोस्कोपखाली घालायचं. डॉक्टरांनी दातांच्या एक्सरे फिल्मच्या पाकिटातला काळा कागद गोल कापून भिंगाखाली बसवून दिलाय. त्यामुळे मागे सगळा अंधार आणि जंतू चमचमते दिसतात. लघवीच्या नमुन्यांत तीन वर्षं घालवल्यावर हे पाहून मला खरंच आनंद झाला.

माझ्या काचेवर गोळेच गोळे, दोनदोन, चारचार, गप्प बसलेले. अगदी डॉक्टरांच्या बराकीतले पहिले रहिवासी.

आईच्या काचेवर मात्र भलतंच. वळवळणारे नागमोडी दोरे, शंभरात चाळीस तरी. मध्येच काड्या सुळकन पोहत जाणाऱ्या. म्हणजे डॉक्टरांच्या एखाद्या पेशंटची काच माझ्या ट्रेमध्ये आली. पहिल्याच दिवशी असा गोंधळ! नमुना रद्द केला. उद्यापासून काचांवर आकडे कोरणार.

गुरुवार, ९ फेब्रुवारी. चौथा दिवस

दातांवरून जीभ फिरवली की साय लागल्यासारखी वाटते. लॅबमध्ये बोलताना रुमाल धरते. माझ्या काचेवर गोळ्यांच्या मधून काड्या आणि लांब सरळ दोरे दिसायला लागलेत. क्रम बरोबर चाललाय. मासिकवाल्यांनी खोटं लिहिलं नव्हतं.

आईची काच पुन्हा तशीच. आकडा कोरलेला होता, माझ्याच हातची काच होती. मग सलाईनच खराब. बाटली दोन महिने उघडी आहे, त्यातच काही वाढलं असणार. माझ्या काचेत का नाही वाढलं, हा प्रश्न रिक्षात परत येताना पडला. पण बाजूच्या बाईची टोपली पायावर आली आणि तो तिथेच राहिला.

सोमवार, १३ फेब्रुवारी. आठवा दिवस

नवी सलाईनची बाटली, नव्या नळ्या, नव्या काचा. सगळं उकळून घेतलं. आईचे नागमोडे जागच्या जागी. आज शंभरात चव्वेचाळीस.

आता संशय मशेरीवर. आईच्या डबीतली चिमूट नेली आणि काचेखाली घातली. काळी पूड, कोळशाचे कण, बाकी काही नाही. जिवंत असं एकही नाही. एवढ्या भाजलेल्या तंबाखूत कोण जगणार म्हणा.

तरी आईला सांगितलं होतं की नमुन्याच्या दिवशी सकाळी मशेरी लावू नकोस, काडी काळी होते. मान हलवली. आणि आज मी उठायच्या आत दारात बसून घासत होती, नेहमीपेक्षा जास्त. तोंड धुऊन आली तरी मला वास आलाच. इतर दिवशी दोनदा लावते आणि नेमकं सोमवारी, गुरुवारी तीनदा. तिला काही सांगून उपयोग नाही.

अनंता माझ्यापासून लांब बसून जेवतो. "मालू, तू बात मत कर, सिर्फ इशारा कर." शेजारच्या रखमामावशींनी विचारलं, पोरगी तोंडाला रुमाल का लावते? आईने सांगितलं, "तिच्या हापिसाची परीक्षा चाललीय. लय अवघड परीक्षा हाय." मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी. अकरावा दिवस

आज आईवर ओरडले. लिहायला लाज वाटते, पण ओरडले.

पुन्हा तेच नागमोडे. मी विचारलं, "तू खातेस तरी काय? चूळ भरतेस का जेवल्यावर? माझं सगळं वाया घालवणार आहेस तू." ती पँटींच्या ढिगामागे बसून कातर चालवत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "मी रोज दोनदा घासते की गं. अजून जोरात घासू का?"

रात्री सुकट भाजली होती. तिने तिच्या ताटातली अनंताला दिली आणि भाकरी कालवणात बुडवून ठेवली, तिचा चिखल होईपर्यंत. हल्ली तिला सगळंच असं गिळगिळीत लागतं. शेंगदाणेही कूट करून खाते. वय झालं की माणसाच्या आवडी बदलत असतील.

सोमवार, २० फेब्रुवारी. पंधरावा दिवस

माझ्या हिरड्यांना लाल काठ आलाय. खालच्या पुढच्या दातांशी काडी लावली की टिपूसभर रक्त येतं. काचेवर गोळे कमी, काड्या जास्त, आणि आज पहिला नागमोडा दिसला. एकच. तो आला तेव्हा मी टाळी वाजवली. स्वतःच्या तोंडात कीड आली म्हणून टाळी वाजवणारी बाई उल्हासनगरात दुसरी नसेल.

डॉक्टर अचानक खाली आले आणि नेमकी आईची काच लावलेली होती. वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"ये किसका है?"

माझ्या तोंडून निघालं, "वरचीच काच आहे डॉक्टर, तुमच्या पेशंटची. बघत होते जरा."

"जो भी है, त्याला लवकर बोलाव. ह्याच्या हिरड्यांखाली खोल खिसे झाले असतील. दात हलत असणार. हड्डी जा रही होगी."

मी मान डोलावली. प्रयोगातला निरोगी माणूसच चुकीचा निघाला असं कसं सांगायचं? नमुना घेण्यात माझी काहीतरी चूक होतेय. ती सापडली की सांगेन. आईचे दात हलत असते तर ती म्हणाली नसती का?

गुरुवार, २३ फेब्रुवारी. अठरावा दिवस

तोंडाला वास येतोय, तो आता मलाच येतो. सकाळी उशीवर गुलाबी डाग होता. नागमोडे शंभरात पाच. माझ्या तोंडात एवढीशी गर्दी झाली तर एवढं रक्त, मग आईच्या काचेत आठपट आहेत आणि तिला थेंब नाही. हा हिशोब मला जुळवता येत नाही. तिची काचच खोटी, दुसरं काय.

आई आज नमुना देताना म्हणाली, "अजून कितीदा?" मी म्हटलं एकदाच, सोमवारी. तर तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. कंटाळली असेल बिचारी.

सोमवार, २७ फेब्रुवारी

काल एकवीस दिवस पूर्ण झाले. आज सकाळी शेवटचे नमुने घेतले आणि मग दात घासले. फेस लाल झाला. इतकं बरं वाटलं की दोनदा घासले. पण लिहायचं ते हे नाही.

दुपारी डॉक्टरांनी मला वर बोलावलं, काचांची चित्रं काढून द्यायला. खुर्चीत एक रिक्षावाला बसला होता, जन्माचा बिडीवाला. डॉक्टरांनी चिमटा लावला आणि दात नुसता उचलल्यासारखा हातात आला. रक्त म्हणाल तर दोन थेंब.

"याच्या हिरड्या सुजलेल्या नव्हत्या," मी म्हटलं. "रक्तही आलं नाही."

"येणारच नाही. तंबाखू खून को रोकती है बेटा. बिडी म्हण, मशेरी म्हण. सिर्फ खून रोकती है, बीमारी नहीं. वरून भिंत रंगवलेली, आतून पोकळ. हे लोक सर्वात उशिरा येतात, कारण त्यांना काही दिसतच नाही."

मी पेन्सिल खाली ठेवली. कातर, भाकरीचा चिखल, कूट, सुकट, पदर, एकामागून एक सगळं डोळ्यांसमोर आलं. लॅबमध्ये जाऊन शेठना बरं नाही म्हणून सांगितलं आणि घरी आले.

आई दारात बसली होती, कातर हातात. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, खालचे पुढचे दात जिभेने ढकल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "परीक्षा झाली का तुझी?"

"झाली."

"आज शेवटचं दिलं ना मी?"

"दिलंस."

तेव्हा तिने पदर बाजूला केला आणि बोटाने खालचे दोन दात धरून हलवून दाखवले. पुढे मागे, दाराच्या सैल कडीसारखे.

"दोन वरसं झाली. आधी रगात यायचं. रखमाक्का म्हनली मशेरी जास्ती लाव, थांबतं. थांबलं. मंग म्हनलं बरं झालं असंल. पन हालायचं काय थांबंना."

"मग मला का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं ना तुला?"

"तू म्हनलीस हालायला नको, रगात नको, न्हायतर तुझा परयोग फुकट. आनी कुनाचं तोंड आननार व्हतीस तू? अनंता तर न्हाई म्हनला." कातरीने ती पँटीवर उगाच टोचत होती. "म्हनून त्या दिवशी सकाळी जरा जास्ती घासायची. काडीला रगात लागू नये म्हनून. तरी तुझं चुकतच व्हतं. मला वाटलं, माझ्याच हातनं कायतरी कमी पडतंय."

मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. तिने तिच्या मशेरीच्या हाताने माझं तोंड पुसलं.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. काच बदलली, सलाईन बदललं, नळ्या उकळल्या, मशेरी तपासली. सगळ्यांवर संशय घेतला. एकदाही तिला म्हटलं नाही की आई, नीट आ कर.

शुक्रवार, ३ मार्च

आई डॉक्टरांच्या खुर्चीत बसली. मी हात धरून होते, एवढ्याच अटीवर. डॉक्टरांनी तिला "अम्मा" म्हटलं आणि आरसा आधी तिच्या हातात दिला. "पहिले आप देखो, फिर मैं देखूंगा." मग तिने तोंड उघडलं.

सात दात हलतात. त्यातले खालचे दोन राहणार नाहीत. गेलेलं हाड परत येत नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. पण हिरड्यांखालचं कीटण खरवडून काढलं, बराकीतली गर्दी मोडत राहिलो, तर बाकीचे पाच वाचण्यासारखे आहेत. अट एक, मशेरी बंद. घरी आल्यावर आईने डबी माझ्या हातात दिली. मी ती फेकली नाही, माझ्या कपाटात ठेवली. का ते माहीत नाही.

काच पेशंटची म्हणून मी खोटं बोलले होते, तेही डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मालूम था." कसं मालूम होतं विचारलं तर म्हणाले, "पेशंटची काच कोणी दर सोमवारी-गुरुवारी बघत नाही."

सोमवार, १३ मार्च

खालचे दोन दात गेले. दोनदा खरवडून झालं. माझ्या काचेवर पुन्हा गोळेच आहेत, दोन आठवड्यांत सगळे बदमाश पळाले. तरुण तोंड आणि तीन आठवड्यांचं दुखणं, त्यामुळे माझी सुटका स्वस्तात झाली. आईचं दुखणं किती वर्षांचं, कोण जाणे.

आणि आज तिला रक्त आलं. ब्रश केला आणि तांब्याभर पाणी लाल. मशेरी सोडून दहा दिवस झाले. रखमामावशी दारातच उभ्या होत्या. "बगितलं? चांगलं तोंड व्हतं बाईचं. डॉक्टरकडं नेलं आनी नासवलं. दे गं तिला तिची डबी."

आई माझ्याकडे बघत राहिली. ती घाबरली होती, आणि मीही. शहाण्यासारखं सांगितलं खरं, की हे रक्त आधीपासून होतं, मशेरीने दाबून ठेवलं होतं, आता हिरडी खरं बोलतेय. पण कपाटातली डबी काढून द्यावी असं मलाही एकदा वाटून गेलं. आईच म्हणाली, "रखमाक्का, पोरीनं भिंगातनं बगितलंय. तिला दिसतंय ते तुला मला दिसत न्हाय." मावशी तोंड वाकडं करून गेल्या. माझ्यावर तिचा एवढा विश्वास आहे, याचीच मला भीती वाटते.

रविवार, १९ मार्च

ठाण्याची सभा झाली. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सुचवलं होतं की क्र. २ काढून टाकू, त्यांच्या पुतणीचं तोंड चांगलं आहे, तिच्या काचेचं चित्र लावू, सभेत सोपं पडेल. मी नको म्हटलं. मग त्यांनी दोन्ही तोंडं दाखवली. एक एकवीस दिवसांत बिघडलेलं आणि रक्ताने ओरडणारं. दुसरं वर्षानुवर्षं बिघडलेलं आणि गप्प. "ज्या काचेला आम्ही तीन आठवडे चूक समजलो, तीच बरोबर होती," असं ते म्हणाले. "आम्ही" म्हणाले, ही त्यांची माणुसकी.

मुंबईच्या प्रोफेसरांनी माझा पत्ता घेतला. लिहून घेताना पेन चालत नव्हतं, माझं दिलं. ते त्यांच्या खिशातच गेलं. बघू.

शुक्रवार, १४ एप्रिल

जयंती. गल्लीत फोटोवाला आला होता. आईने निळं लुगडं नेसलं आणि सवयीने तोंड मिटून उभी राहिली. अनंता म्हणाला, "आई, हस ना यार, पासपोर्ट का फोटो थोडी है." ती म्हणाली, दोन दात नसलेलं तोंड काय दाखवायचं. नाहीच हसली. मीही आग्रह केला नाही.

ब्रश करताना रक्त येणं जवळजवळ थांबलंय, आणि या वेळी मशेरीशिवाय. कडक भाकरी अजून जमत नाही. ती जमेलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

सोमवार, १७ एप्रिल

आज आई पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये आली. मीच म्हटलं, या वेळी नळी मुठीत धरून कशाला न्यायची, तोंडच घेऊन चल. रिक्षातून उतरल्यावर पाच मिनिटं बाहेर पाटी बघत उभी होती.

काडी फिरवली, काच लावली, काळा कागद बसवला. आधी मी बघितलं. गोळे. काही काड्या. नागमोडे मोजले, शंभरात तीन. फेब्रुवारीत चाळीसच्या वर होते. परत वाढायला बघतीलच, दर तीन महिन्यांनी खरवडावं लागणार. पण आज तीन.

मग तिला स्टुलावर बसवलं. एक डोळा कसा मिटायचा ते तिला जमेना, पदराने झाकून घेतला. खूप वेळ बघत होती.

"ह्ये माझ्या तोंडातलं?"

"हो."

"हालत न्हायत जास्ती."

"हे शांत असतात. हे असले तरी चालतात. आधी हलणारे होते, ते गेले."

ती सरळ बसली. टेबलावर लॅबची वही उघडी होती. आईला वाचता येत नाही, पण तिने बरोबर तिच्याच ओळीवर बोट ठेवलं. क्र. २, गोदूबाई, आणि पुढे लाल पेनाने खोडलेला शब्द.

"ह्ये काय खोडलंय?"

"निरोगी असं लिहिलं होतं."

बोट तिथेच राहिलं. "मी खोटं बोलले म्हनून खोडलं व्हय?"

"नाही. मी नीट बघितलं नव्हतं म्हणून."

तिने बोट उचललं. मग म्हणाली, "मंग आता बग की," आणि खिडकीकडे तोंड करून तिने मोठा आ केला. पदर खांद्यावर, दोन दातांची रिकामी जागा, मागच्या दाढांपर्यंत सगळं. शेठ चहाचा कप घेऊन दारात आले आणि तिथेच थबकले. तिने तोंड मिटलं नाही. मी टॉर्च शोधायला लागले.